आलेलं पाणी न जाण्याबाबत

स्वयंसेवी कामात माणूस गेल्याची खबर तो गेल्यावर लागत नाही, त्याचं काम अडल्यावर लागते. यात कोणाचा दोष नाही. पद्धतच तशी आहे.

माया रणपिसे वारली तेव्हा 'नळवेळ' मंडळात कोणालाच काही कळलं नाही. कळलं ते आठवड्याने, एका मंगळवारी. त्या दिवशी कात्रप, बदलापूर गाव आणि पालेगाव इथल्या सगळ्या नळांना दिवसभर पाणी असल्याचं फोनवर दिसत होतं, आणि नळ कोरडे होते.

'नळवेळ' हे फुकट ॲप आहे. पाणी आलं की गल्लीतल्या कोणीतरी 'आलं' दाबायचं, म्हणजे गल्लीतले बाकीचे फोन वाजतात आणि गल्ली हिरवी दिसते. गेलं की 'गेलं' दाबायचं. कोणी दाबलं नाही तर दोन तासांनी नोंद आपोआप पुसली जावी, अशी योजना आहे. हे ॲप स्वयंसेवकांनी बनवलं. त्याचा कोड सर्वांना खुला आहे: कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा, आणि त्याबद्दल कोणालाही काही मिळू नये, असं त्याचं उदात्त तत्त्व आहे.

'आलं' दाबायला माणसं एकमेकांच्या पुढे धावतात. 'गेलं' दाबायला कोणी नसतं, कारण आपली पिंपं भरल्यावर गल्ली आठवत नाही. (हा बग नव्हे. हा माणसाचा मूळ आराखडा आहे.)

मंडळाचं धोरण समतोलाचं होतं: एक नवं फीचर, की एक दुरुस्ती. फीचर करणाऱ्याचा शाल देऊन सत्कार होई आणि फोटो ग्रुपवर येई. दुरुस्ती मायाकडे जाई. असा समतोल अनेक वर्षं काटेकोरपणे पाळला गेला. त्या काळात ॲपमध्ये नाचणारा नळ आला, सणावाराप्रमाणे रंग बदलणारा नळ आला, राशीनुसार पाण्याचं भविष्य आलं, आणि महिन्यात सर्वांत जास्त वेळा 'आलं' दाबणाऱ्याला 'जलवीर' पदवी मिळू लागली. पहिले जलवीर पालेगावचे हिंदुराव. त्यांच्या घरी बोअरवेल आहे.

मंगळवारी तक्रारी आल्या. उल्हासनगरला मोबाईल कव्हरचं दुकान चालवणारा अल्पेश हा मंडळाचा तक्रार-प्रमुख. त्याने मंडळाच्या तक्रार-यादीत लिहिलं, "माया, ये क्या चल रहा है? सगळ्या गल्ल्या हिरव्या दाखवतायत. देख ना यार."

मायाचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, डब्यांच्या शेजारी असायचा. तिचा नवरा राजेंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यातून स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाला होता. लॅपटॉप चालू ठेवायचा की बंद करायचा, हे त्याला ठरवता येत नव्हतं, म्हणून तो चालूच होता. अल्पेशचा निरोप त्याने दोनदा वाचला आणि एका बोटाने उत्तर लिहिलं: "माया वारली. मी तिचा नवरा."

निरोप जाईना. मंडळाच्या नियमानुसार प्रत्येक नोंदीचा प्रकार निवडावा लागतो: 'चूक' किंवा 'नवी मागणी'. राजेंद्रने थोडा विचार केला आणि 'चूक' निवडलं.

यावर मंडळात गंभीर चर्चा झाली. अध्यक्ष धर्मेश भोईर याचं म्हणणं असं, की चूक म्हणजे जी आपल्याकडून झाली ती. ही आपल्याकडून झालेली नाही. शिवाय आता दुरुस्तीला नवा माणूस लागणार, तेव्हा ही 'नवी मागणी' होते. प्रकार बदलण्यात आला. महिनाअखेरीस उघड्या नोंदी जास्त दिसू नयेत म्हणून अल्पेशने ती संध्याकाळी बंद केली. कारणाच्या जागी त्याने 'कार्यवाहीची गरज नाही' असं लिहिलं. त्याखाली तिघांनी अंगठे दिले.

रविवारी धर्मेश भेटायला आला.

"काका, खरं सांगू? आम्हाला वाटायचं माया म्हणजे कोणीतरी पुण्याची पोरगी. मीटिंगला कॅमेरा बंद असायचा ना त्यांचा."

"कुकर लावलेला असायचा," राजेंद्र म्हणाला. "चहा घेणार?"

"नको काका. काय लागलं तर सांगा."

काय लागतं ते राजेंद्रला दुसऱ्या दिवशी कळलं. मायाच्या फोनवर बदलापूर गावातून चांगुणा नावाच्या बाईचा फोन आला.

"ताय, फोन का नाय तुझा? कवाची वाट बगते."

"मी राजेंद्र बोलतोय. माया गेली."

मग चांगुणा म्हणाली, "मी कोनाला सांगू मग, पानी गेलं म्हनून?"

तेव्हा उलगडा झाला. रोज सकाळी चहानंतर माया तासभर फोनवर असे. बायकांच्या गप्पा चालल्यात, असं राजेंद्र समजत असे आणि पेपर वाचत असे. प्रत्यक्षात ती एकेका गल्लीतल्या एकेका बाईला विचारत होती, आणि पाणी गेलं असेल तिथे स्वतः 'गेलं' दाबत होती. दोन तासांनी आपोआप पुसलं जाणं कधी चाललंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून नाही. ॲपचा तो भाग म्हणजे माया होती.

हे न दाबलं तर काय होतं, ते राजेंद्र रोज पाहत होता. त्यांच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही आणि लिफ्ट नाही. तिथे भिमाबाई एकट्या राहतात. वय पंच्याहत्तरच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. फोनवर नळ हिरवा दिसला की त्या कळशी घेऊन जिना उतरतात, अंगणातला नळ पिळतात आणि रिकामी कळशी घेऊन चढतात.

"मायाच्या वेळी असं नव्हतं हो, भाऊ," त्या जिन्यात बसून म्हणाल्या. "मशीनलापण कळतं का, माणूस गेलं म्हणून?"

राजेंद्रने धर्मेशला फोन लावला. "ते दोन तासांचं तेवढं नीट करा."

"करू ना काका. पण ते करून लोकांना सांगायचं काय? आधी बिघडलेलं होतं म्हणून?"

"तर मग नका सांगू."

"न सांगता कोण करणार, काका?" धर्मेशने मनापासून विचारलं. त्याला खरोखरच कोणी माहीत नव्हतं. आता नव्हतं.

मंडळ मात्र कृतघ्न नव्हतं. त्यांनी कात्रपला हॉल घेऊन शोकसभा ठेवली आणि मायाच्या स्मरणार्थ नवं फीचर जाहीर केलं: 'स्मृती-नळ'. सर्वांच्या फोनवर एकाच वेळी निळं कमळ उमलणार आणि त्यातून थेंब पडणार. विनिता नावाच्या मुलीने ते फार सुंदर काढलं होतं. पुष्पहार झाला, वंदना झाली, सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. दुसऱ्या मिनिटाला कमळ उमललं.

ॲपला आवाज एकच आहे, पाणी आल्याचा. (वेगळे आवाज असावेत, ही मायाची जुनी सूचना होती.) हॉलमधले सगळे फोन एकदम वाजले.

"आलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

हॉल रिकामा झाला. चपलांची अदलाबदल झाली. उल्हासनगरला पाणी गुरुवारी येतं आणि तो रविवार होता, तरी अल्पेशही धावला. नंतर तो म्हणाला, "आदत है, बॉस." हॉलमध्ये फोटो, राजेंद्र आणि खुर्च्या गोळा करणारा माणूस राहिला.

राजेंद्र घरी आला तेव्हा भिमाबाई नळापाशी पायरीवर बसल्या होत्या, कळशी पालथी. त्याने कळशी उचलली, त्यांना हात दिला आणि चार मजले चढवलं. मग मायाचा फोन घेऊन स्वयंपाकघरात बसला. "चांगुणाबाई, राजेंद्र बोलतोय. गेलं का?"

तेव्हापासून तो रोज चहानंतर फोन लावतो. बायका आता त्यालाही पाण्याआधी जावयाचं आणि गुडघ्याचं सांगतात. तासभर लागतो. पेपर संध्याकाळी वाचतो.

परिणाम उत्तम झाला. तक्रारी थांबल्या. मंडळाच्या पुढच्या अहवालात नमूद आहे, की 'आलेलं पाणी न जाणे' हा बग नव्या आवृत्तीत आपोआप बरा झाला, आणि याचं श्रेय स्मृती-नळाला जातं. विनिताला शाल मिळाली.

राजेंद्रच्या लक्षात आलं, की तो दाबत राहिला तर बग कोणाला दिसणार नाही आणि कधीच दुरुस्त होणार नाही. म्हणून एका सोमवारी त्याने काहीच दाबायचं नाही असं ठरवलं. सगळ्या गल्ल्या हिरव्या राहिल्या. मंडळातल्या कोणीतरी पाहावं म्हणून तो वाट बघत बसला. मंडळ त्या दिवशी नळाच्या नव्या रंगावर मतदान घेत होतं. मग जिन्यात कळशीचा आवाज आला. भिमाबाई हातात फोन धरून तिसऱ्या मजल्यावर आल्या होत्या. दुसऱ्यापर्यंत यायच्या आत त्याने 'गेलं' दाबलं.

रंगाचं मतदान अजून चालू आहे, आणि सर्वांना खुलं आहे. पिवळा पुढे आहे. कोडही सर्वांना खुला आहे, आपल्यालाही. आपण यांपैकी काय उघडाल हे मंडळाला ठाऊक आहे, म्हणून मतदानाची मुदत वाढवली आहे.

दोन तासांचं काम झालेलं नाही.