सावलीचा सात वर्षांचा अभ्यास

आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची सावली एकवीस मार्चला दुपारी बारा वाजता कठड्यापासून एकशे बेचाळीस सेंटिमीटरवर असते. गेली सात वर्षे ती तिथेच आहे. फरक पडलाच तर एका सेंटिमीटरचा, आणि तोही खडूच्या जाडीमुळे. वर्षाच्या उरलेल्या दिवशी ती कुठे असते, तेही नोंदवहीत आहे. यावरून सूर्याने आपली सवय बदललेली नाही असा निष्कर्ष आमच्या घरी दरवर्षी काढला जातो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तपासला जातो.

मोठ्या खर्चाचा निर्णय विचारपूर्वक घ्यावा, हे कोणीही मान्य करील. विचार जितका जास्त तितका निर्णय चांगला, हेही ओघाने आलेच. म्हणजे सर्वांत चांगला निर्णय तो, ज्याचा विचार अजून चालू आहे. घरावर सोलर पॅनेल बसवण्याचा आमचा निर्णय या अर्थाने अतिशय चांगला आहे.

अभ्यासाचे प्रमुख माझे सासरे, म्हणजे आमचे बाबा. ते निवृत्त लेखापरीक्षक. दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढण्यात नोकरी गेली, त्यामुळे स्वतःचा हिशोब पुरा करण्याची सवय लागली नाही. सदस्य माझा नवरा. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून तांत्रिक सल्लागार. सावलीच्या नोंदी सासूबाई घेतात. (त्या सदस्य नाहीत. त्या फक्त रोज गच्चीवर जातात.) बैठक दर रविवारी दुपारी बाराला असते आणि सावलीही बारालाच मोजायची असते, त्यामुळे त्यांची खुर्ची रिकामी राहते. ही व्यवस्था कोणी मुद्दाम केलेली नाही. कोणी बदललेलीही नाही.

अभ्यासाला जागा लागते. पहिल्याच वर्षी अकरा कोटेशने, चार माहितीपुस्तिका आणि दहा वर्षांची वीजबिले जमली. ती खालच्या खोलीत ठेवावी असे ठरले. घरात तेवढीच एक खोली थंड, आणि ती सासूबाईंची होती.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे," बाबा म्हणाले.

सासूबाई गच्चीखालच्या खोलीत गेल्या आणि फायली खाली आल्या. कागदाला उष्णता सोसत नाही. वरच्या खोलीचे तापमान मी प्रयोगशाळेतला थर्मामीटर नेऊन मोजले होते: भर उन्हाळ्यात छत त्रेपन्न अंश, उशी अडतीस. दोन्ही आकडे फायलीत व्यवस्थित लावले आहेत.

मग त्या खोलीत एसी का लावत नाही, असे पाहुणे विचारतात. कारण सोपे आहे. पॅनेल नसताना एसी लावला तर बिल वाढेल, म्हणून आधी पॅनेल. एसी नसताना आमचा वीजवापर इतका थोडा की पॅनेल परवडत नाही, म्हणून आधी एसी. हे दोन्ही ठराव एकाच रविवारी एकमताने मंजूर झाले.

सोलरवाले आजवर एकोणीस येऊन गेले. त्यातला आठवा जरा हट्टी निघाला.

"काका, तीन किलोवॅटचं घ्या. सहा वर्षांत पैसे वसूल, पुढची वीस वर्षं वीज जवळजवळ फुकट."

"आणि सहा महिने आभाळ भरूनच राहिलं तर?"

"अहो काका, सहा महिने सूर्यच दिसला नाही तर पॅनेलची काळजी कोण करत बसणार?"

"म्हणजे धोका आहे, हे तुम्हीच मान्य करताय," बाबा म्हणाले आणि त्यांनी ते वाक्य तारखेसह लिहून घेतले.

मात्र अभ्यासाचे फायदेही नोंदवायला हवेत. पहिले कोटेशन एक लाख ऐंशी हजारांचे होते. पॅनेलची किंमत दर वर्षी साधारण दहा हजारांनी उतरत गेली, आणि यंदाचा आकडा एक लाख वीस हजार आहे. म्हणजे काहीही न घेता आम्ही साठ हजार कमावले. बाबांनी त्यासाठी वहीत 'न घेतल्याने झालेला लाभ' असा स्वतंत्र रकाना आखला आहे. हीच रेष पुढे ओढली तर आणखी बारा वर्षांनी किंमत शून्य होते आणि तेराव्या वर्षी सोलरवालाच आपल्याला दहा हजार देतो. नवऱ्याचे म्हणणे असे की तेव्हाही घाई करू नये, रक्कम जरा वाढू द्यावी.

गेल्या वर्षी मी एका बिलाच्या पाठीवर छोटे गणित केले. अभ्यासाच्या पहिल्या सहा वर्षांत आम्ही विजेपोटी भरलेली रक्कम: एक लाख ऐंशी हजार. पण दुसऱ्या दशांश स्थळाची खात्री नव्हती, म्हणून मी ते बैठकीत मांडले नाही. शास्त्राची शिस्त असते.

त्याच उन्हाळ्यात सासूबाई गच्चीवर चक्कर येऊन पडल्या. त्या दिवसाची नोंद बाबांच्या अक्षरात आहे: '१२.००. मोजमाप नाही. निरीक्षक आडव्या.'

"या वयात भर दुपारी गच्चीवर काय करत होतात?" डॉक्टरांनी विचारले.

"ऊन आहे का ते बघत होते," सासूबाई म्हणाल्या.

प्रकरण गंभीर असल्याने तातडीची बैठक झाली आणि त्यांना छत्री घेऊन देण्यात आली. मात्र छत्रीची सावली टाकीच्या सावलीत मिसळून मोजमाप चुकते, तेव्हा मोजताना छत्री मिटावी, असा नियम सोबत जोडावा लागला. (ही चूक माझ्याच लक्षात आली. त्याबद्दल माझे कौतुक झाले.)

गेल्या रविवारी बैठकीपुढे एकच विषय होता: पैसे वसूल होण्याचा काळ चार वर्षे धरावा की साडेचार. बाराला पाच मिनिटे असताना जिन्यावर पावले वाजली. सासूबाई आत आल्या. त्यांनी खडू टेबलावर ठेवला आणि रिकाम्या खुर्चीत बसल्या. त्यांच्या काखेत उशी होती.

"अगं, बारा वाजत आले," बाबा म्हणाले. "सावली?"

"आहे तिथेच आहे."

"न मोजताच कसं सांगतेस?"

इथे क्षणभर थांबते, कारण चार की साडेचार, हे जाणून घ्यायची वाचकांना एव्हाना उत्सुकता लागली असेल. साडेचार. सासूबाई गच्चीवर पडल्या त्या दिवशी त्यांच्या कपाळाला किती टाके पडले, हे मी मघाशी सांगितले नव्हते आणि आपणही विचारले नाहीत. आपण आमच्या बैठकीला अवश्य येत जा, आणखी एक खुर्ची मांडता येईल.

सासूबाईंनी उशी मांडीवर घेतली आणि फायलींच्या चळतीकडे एकवार पाहिले.

"पॅनेल घ्या, नाहीतर आणखी सात वर्षं मोजत बसा," त्या म्हणाल्या. "मी आजपासून माझ्या खोलीत झोपणार आहे. या फायली वर न्या, आणि उन्हाचा अभ्यास उन्हात बसून करा."