परमगुरूंचं पत्र आणि महागुरू कासव

एका जंगलात एका कासवाने एक मरण बिघडवलं. दोष कासवाचाच होता. आधीच सांगून ठेवतो, बाळांनो, नाहीतर मोठी मंडळी तुम्हांला सांगतील की दोष काळाचा होता.

हे कासव म्हणजे त्या जंगलाचे महागुरू. त्यांच्या देवळात मिस्सा, म्हणजे रविवारची सामूहिक प्रार्थना, व्हायची जुन्या भाषेत. ती भाषा बोलणारे प्राणी कधीच मातीला मिळाले होते. कासवाला तिचे मंत्र तोंडपाठ होते, अर्थ एकाचाही येत नव्हता. चाळीस वर्षं त्याने हे कवचाखाली झाकून ठेवलं.

मग डोंगरापलीकडून परमगुरू हत्तींचं पत्र आलं. यापुढे सर्वांनी आपापल्या बोलीत प्रार्थना करावी, असं त्यात लिहिलं होतं. लिहिलं होतं अर्थातच जुन्या भाषेत.

कासवाने पत्र सुलटं धरलं, उलटं धरलं, कपाळाला लावलं आणि रविवारी खणखणीत आवाजात वाचलं. सगळे आमेन म्हणाले. मिस्सा जुन्याच भाषेत पुढे चालू झाली.

त्याच आठवड्यात कासवाच्या थोरल्या बहिणीने, सांतान बायने, अंथरूण धरलं. कासव प्रार्थनेला गेलं.

"इनू," बाय म्हणाली, "जन्मभर तुझी गुणगुण ऐकली. आता जाताना तरी मला कळेल असं काही म्हण."

वरून आदेश नाही, असं कासवाने सांगितलं.

सोबत आलेला, जुनी भाषा शिकलेला तरुण धर्मगुरू बगळा चाचरत म्हणाला, "महागुरू, आदेश आलाय. रविवारी तुम्हीच वाचलात."

कासवांना घाम येत नाही. याला आला. हो म्हणावं तर चाळीस वर्षांचं बिंग फुटणार.

"धाकट्यांनी थोरांना अर्थ सांगू नये," ते म्हणालं, आणि परमगुरूंकडून खुलासा मागवायला पत्र लिहीत बसलं. मी उडत जाऊन संध्याकाळपर्यंत उत्तर आणतो, असं बगळा म्हणाला. पण महागुरूंचं पत्र गोगलगायच नेते, अशी पूर्वापार रीत. गोगलगाय निघाली.

कासव रोज बायजवळ बसून जुन्या भाषेत पुटपुटायचं. काय म्हणतोस रे, असं तिने दोनदा विचारलं. मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. बगळ्याने वाचून दाखवलं, "मागील पत्र पाहावे."

बाय दोन दिवसांपूर्वीच गेली होती. कासवाचं जंगलात तेवढंच एक आपलं माणूस होतं. ते अबोला धरून गेलं.

तात्पर्य : मरणाऱ्याने अर्ज रीतसर करावा आणि उत्तर येईपर्यंत तब्येतीला जपावं. थोर मंडळी उत्तर देतातच.