खवले मांजराला रस्ता आवडतो

खवले मांजर जंगलात नेमकं कुठे राहतं, हे मी खुर्चीवरून न उठता सांगू शकतो, असं मी वनखात्यात सगळ्यांना ऐकवून ठेवलं होतं. प्राणी दुर्मीळ, लाजाळू, आणि नाव मांजर असलं तरी मांजराशी काडीचा संबंध नसलेला. तो जिथे जिथे दिसला ते ठिपके संगणकाला द्यायचे. सोबत पाऊस, झाडी, चढउतार. मग संगणक त्याला राहण्याजोगी जागा लाल रंगवून देतो. जुन्या जंगलाच्या मधोमध नवा रस्ता न्यायचा की नाही, हे माझ्या नकाशावर ठरणार होतं.

ठिपके मीच गोळा केले होते, जीपमध्ये बसून. खाली जळवा असतात हो, आणि त्या पदवी बघून चावत नाहीत.

नकाशा तयार झाल्यावर बायकोला कौतुकाने दाखवला.

"हे लाल काय, रस्ते का?"

"रस्ते नाहीत. अधिवास आहे तो."

"पण सगळं रस्त्याच्या कडेकडेनेच आहे. हे जनावर बसची वाट बघतं का?"

"तू यात पडू नकोस. यामागे गणित आहे."

"असेल. पडद्यांचं माप घेतलंस तेव्हाही होतं."

आमचे पडदे खिडकीच्या खालच्या कडेच्या वीतभर वरच संपतात. मी विषय वाढवला नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक. रस्तेवाल्यांचे अभियंते नकाशाकडे बघतच राहिले. मला वाटलं, जिंकलो!

"फारच उत्तम काम," ते म्हणाले. "म्हणजे हा प्राणी रस्त्याशिवाय राहूच शकत नाही. मधलं जंगल बघा, पांढरंफटक! किती गैरसोय होत असेल बिचाऱ्याची. नवा रस्ता मधूनच नेऊ."

आमच्या साहेबांना गहिवरून आलं. "दुपदरी पुरेल?"

"प्राणी दुर्मीळ आहे, साहेब. चौपदरीच करू."

ते जनावर मला एकदा अगदी जवळून दिसलं होतं. जीपच्या उजेडात अंगाचं गाठोडं करून बसलं होतं, आपण आता कोणाला दिसत नाही अशा समजुतीने. तेव्हा मला त्याची फार माया वाटली होती. आता त्याच गाठोड्यावरून माझ्याच नकाशाच्या जोरावर ट्रक जाणार होते.

मी उठलो. "साहेब, हा नकाशा खवले मांजराचा नाही. माझा आहे."

"तुमचाच आहे. नाव घातलंय ना खाली."

"तसं नाही. मी जीपमधून उतरलोच नाही. जिथे मी गेलो तिथेच ते दिसलं. लाल आहे तो माझा अधिवास. पांढऱ्या भागात कोणी बघितलंच नाही."

अभियंत्यांनी मान हलवली. "म्हणजे रस्ता नसेल तर तुम्ही जंगलात पाऊलच टाकत नाही? मग रस्ता हवाच की."

साहेबांनी मात्र माझ्या बुटांकडे पाहिलं. अजून दुकानातल्यासारखे चकाचक होते. "रस्ता तूर्त थांबवा," ते म्हणाले. "मधलं जंगल हे पायी बघून येतील. सगळं."

सध्या तेच चाललंय. घरी पोचलो की बायको मिठाचा डबा घेऊन दारातच उभी असते.

"दिसलं का?"

अजून नाही. पण एक शोध पक्का झालाय, आणि त्याला संगणक लागला नाही. जळवांना राहायला सर्वांत योग्य जागा म्हणजे मी.