हमीदभाईंचा फरक

पहाटेच्या अजाननंतर आमच्या डोक्यावर चेंडू आपटू लागे. जड, रबरी, संथ टप्पे. जणू वरच्या मजल्याचे काळीज फरशीखाली धडधडत होते. मध्येच टप्पा थांबे, आणि त्या शांततेचीच मला अधिक धास्ती वाटे.

वर हमीदभाई राहत. मूळचे दापोलीकडचे, पत्नीच्या पश्चात एकटे, आखातातल्या मोहम्मद बिन झायद सिटीमधल्या आमच्या इमारतीतले सर्वांत जुने भाडेकरू. जवळच्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत लोखंडी सांगाडे घडवणाऱ्या कंपनीत ते एस्टिमेटर. दिवसभर लोखंडाचा अंदाज बांधूनही त्यांचे मन भरत नसे. पहाटे ते अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलचा अंदाज बांधत. "जिंकणार कोण, हे कुणीही सांगेल," ते म्हणत. "किती फरकाने, ते बोला."

हा फरक त्यांना सर्वत्र दिसे. माझी आमटी चाखून ती कालच्या आमटीपेक्षा दोन गुणांनी मागे असल्याचे ते अतिशय हळुवारपणे सांगत. माझा नवरा शेखर कंपनीच्या बसने थकून आला की त्याला न्याहाळून म्हणत, "वहिनी, प्रवासाचे दोन गुण वजा. त्यात घरचं मैदान तुमचं. आज भांडलात तर एकतर्फी होईल." तिकडे कुण्या अनोळखी मुलीचा घोटा मुरगळला, तर इकडे यांना न्याहारी गोड लागत नसे.

शेखर आणि ते ज्या बसने जात, तिच्यातले लोक त्यांना आकडे विचारू लागले, तेव्हा मात्र गंमत संपली. शेखर म्हणाला, यांचा लाडका संघ काल जिंकला, तरी यांचा चेहरा पडलेला. का, तर फरक कमी पडला. असे फक्त सट्टेवाल्याचे होते. सट्ट्यात नुसते जिंकून भागत नाही, ठरल्यापेक्षा मोठ्या फरकाने जिंकावे लागते.

इथे सट्टा म्हणजे पोलीस, आणि मग खलास: नोकरी, व्हिसा, घर. त्यांची मुलगी झीनत याच पगारावर अमेरिकेत शिकत होती. शाळेत असताना तिच्या वेण्या मी घालून दिल्या होत्या. त्यानंतर चेंडूच्या प्रत्येक टप्प्यात मला दारावरची थाप ऐकू येऊ लागली.

एका पहाटे टप्पा थांबला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. मी वर गेले. दार लोटलेलेच होते; आत सुलेमानी चहाचा आंबटसर, लिंबाळलेला वास. हमीदभाई लॅपटॉपसमोर, चेंडू पोटाशी धरून.

"हमीदभाई, खरं सांगा. पैसे लावता का?"

"तौबा, वहिनी. हराम ते." नजर पडद्यावरून हलली नाही. "तो बाक बघा. शेवटचं टोक."

टोकाला, सगळ्यांपासून जराशी दूर, झीनत बसली होती. केस घट्ट बांधलेले, अंगात जॅकेट, हात गुडघ्यांमध्ये.

"संघात आहे, पण बाकावर. हे लोकांना काय सांगायचं? फोनवर विचारलं की म्हणते, इट्स फाइन, अब्बा." त्यांनी चेंडू पोटाशी आणखी ओढला. "तिचं फाइन मला कळतं, वहिनी. फरक वीसच्या पुढे गेला की कोचची भीती जाते. मगच तो त्या टोकाकडे बघतो."

म्हणजे ते सारे घोटे, सारे प्रवास, वजा केलेले सारे गुण एवढ्यासाठी होते. संघ थोडक्यात जिंकला, की त्यांची मुलगी हरत असे.

पडद्याच्या कोपऱ्यात फरक अठरावर अडकला होता. चेंडूवर शाळकरी अक्षरांत झीनतचे नाव होते, आणि हमीदभाईंची बोटे त्याच्या झिजलेल्या खाचांवरून तसबीहच्या मण्यांवरून फिरावीत तशी फिरत होती. वीस. तिकडच्या संघाने दोन गुण भरून काढले, पुन्हा अठरा. चहा निवत गेला. वीस. मग तेवीस. कोचने मान वळवली. बाकाच्या टोकाचे जॅकेट हलले.

हमीदभाईंनी चेंडू माझ्या हातांत दिला. त्यांना बहुधा डोळ्यांसाठी हात मोकळे हवे होते. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "उतरली."