गैबीचा फिट दाखला

इंग्रज गेला, पण जाताना काही चांगले शब्द मागं ठेवून गेला, हा त्याचा मोठेपणा मानला पाहिजे. त्यांतला 'फिट' कोल्हापूरकरांनी सर्वांत जास्त राबवला. तालमीतला गडी फिट असतो. शिंप्यानं शिवलेली विजार फिट बसते (बसलेल्याला मग उठता येत नाही). आणि चालता माणूस तोंडाला फेस येऊन रस्त्यात पडला, तर त्याला फिट येते.

दोन वर्षांपूर्वी शिवप्रभा पर्यटक वाहतूक सहकारी संस्थेला पन्हाळा दाखवायच्या बसवर ड्रायव्हर हवा होता. कोडोलीच्या गैबीनं अर्ज केला. सहा वर्षं त्यानं गुळाचा ट्रक चालवला होता, वाटेत कोंबडीसुद्धा मेली नव्हती. पक्की नोकरी लागली की कागलच्या शमशादशी निकाह, असं ठरलेलं होतं. डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि फॉर्मवर लिहिलं, 'फिट.'

ते लिहिलं गेलं 'असलेले आजार' या रकान्यात.

"पावणं, तुमाला फिट येती," कारकून आकाराम म्हणाला. "गाडी कशी देणार?"

गैबीची आई अमीरबी तावातावानं पुढं झाली. "माझं पोरगं जलमल्यापासनं फिट हाय की!"

'जन्मापासून', अशी आकारामनं समासात नोंद केली.

गैबी डॉक्टरांकडून 'फिट नाही' असा नवा दाखला घेऊन आला. आकारामचं समाधान झालं. मात्र शेजारच्या टेबलावरच्या मॅनेजरांनी तो नामंजूर केला. फिट नसलेला ड्रायव्हर संस्थेच्या नियमांत बसत नव्हता. दोन टेबलांत अंतर चार फूट. ते कापायला गैबीनं चार महिने आणि सात दाखले खर्ची घातले, तरी ते कापून झालं नाही.

बातमी कागलला पोचली. शमशादच्या वडिलांनी, ख्वाजाभाईंनी, सोयरीक मोडायला घेतली.

"अब्बा, सहा वर्सं ट्रक चालीवतोय, कवा पडला का त्यो?" शमशाद म्हणाली. "मला दाखल्यासंगं न्हाय नांदायचं."

उरुसानंतर निकाह झाला. गैबी पुन्हा गुळाच्या ट्रकवर गेला, आणि तिथं त्याला कुणी काही विचारलं नाही.

संस्थेची जागा गुंडू नावाच्या उमेदवाराला मिळाली. त्यानं डॉक्टरांना न गाठता फॉर्म स्वतःच भरला आणि आजाराचा रकाना कोराच ठेवला होता, कारण फॉर्म नाकाशी धरूनही तो त्याला दिसलाच नव्हता. कोऱ्या रकान्यावर कुठल्याच टेबलाला हरकत घेता येईना.

बस रोज भरून जाते. घाटात प्रवासी खिडकीला नाक लावून दरी बघतात. मागच्या मे महिन्यात तुम्हीही बघितली असेल. पुढं कोण बघतंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं असेल, नाही का?