दोन सिंगल गाद्या

एखादी गोष्ट घरात कुणाला पत्ता न लागू देता कशी उरकावी, हे माझ्याकडून शिकावं! असं मी परवा-परवापर्यंत छाती काढून सांगत असे. छाती म्हणजे, जी अलीकडे हळूहळू खाली सरकून पोटात सामील झाली आहे, ती.

मी गाद्या विकतो. गिऱ्हाईक नुसतं बोट खुपसून गादी बघायला लागलं की मी त्याला सरळ आडवं करतो, शेजारच्या गादीवर स्वतः आडवा होतो आणि कुशीवर कसं वळायचं ते दाखवतो. एके दिवशी एका बाईंना मऊ आणि कडक गादीतला फरक समजावताना मी असाच आडवा झालो, आणि वाक्य अर्धवट टाकून घोरायलाच लागलो! डोळे उघडले तर भोवती ही गर्दी!

मालक मात्र भलतेच खूश. "वा! याला म्हणतात विक्री! तुम्हाला बघून लोकांनी तीच गादी मागितली! उद्यापासून रोज झोपा!"

बाई काही हसल्या नाहीत. त्या निघाल्या डॉक्टर.

"रोज असंच थकायला होतं?" त्यांनी विचारलं.

"हल्ली होतं खरं."

"चिडचिड होते?"

"मुळीच नाही!" मी इतक्या जोरात ओरडलो की मालकांच्या हातातली टेप खाली पडली.

"दवाखान्यात या," बाई शांतपणे म्हणाल्या.

गेलो. त्यांनी झोप विचारली, वजन विचारलं, कामातलं लक्ष विचारलं. मग म्हणाल्या, "आणि इच्छा होते का?"

"कशाची?"

"बायकोच्या जवळ जायची."

मी पंख्याकडे बघायला लागलो. पंखा चांगला होता. फिरतही होता. माझ्याबद्दल मात्र असं काही सांगता आलं नसतं.

बाईंनी रक्त तपासायला सांगितलं, तेही सकाळी लवकर, उपाशीपोटी. निकाल आला तर म्हणाल्या, टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, एकदा कमी दिसलं म्हणून लगेच औषध देत नाहीत, पुन्हा तपासू, थायरॉइड आणि साखरही बघू. बाकी सगळं ठीक निघालं. टेस्टोस्टेरॉन मात्र दुसऱ्या खेपेलाही तळालाच! पुढे आणखी काही तपासण्या आणि प्रश्न झाले, आणि शेवटी त्यांनी एक जेल लिहून दिलं.

"आता नीट ऐका," त्या म्हणाल्या. "हे खांद्याला लावायचं. बायकोच्या किंवा मुलांच्या अंगाला लागता कामा नये. बाईच्या शरीरात हे हार्मोन गेलं तर नको तिथे केस येऊ शकतात."

त्यानंतरही त्या बराच वेळ बोलत होत्या. पण माझ्या डोळ्यांपुढे तोवर माझी बायको उभी राहिली होती. तिला झुपकेदार मिशा होत्या आणि ती माझ्याकडे रोखून बघत होती. पुढचं एक अक्षरही माझ्या कानात शिरलं नाही.

बायकोला सांगायचा प्रश्नच नव्हता. पुरुषपणा औषधाच्या दुकानातून नळीत भरून आणावा लागतो, हे कुठल्या तोंडानं सांगणार? सकाळी बाथरूमच्या दाराशी बायको घाई करत उभी असते, म्हणून जेल रात्री लावायचं ठरवलं. दार लावून लावलं, हात तीनतीनदा धुतले, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पलंगाच्या अगदी कडेला जाऊन ओंडक्यासारखा पडलो.

आता लग्न झाल्यापासून माझी बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकूनच झोपते. भांडण झालं तरी आधी डोकं टेकते आणि मग भांडते. त्या रात्रीही तिनं सवयीनं डोकं टेकवलं. मी विजेचा धक्का बसल्यासारखा ताडकन उठलो.

"हात लावू नकोस मला!"

"काय झालं हो?"

"काही नाही! उकडतंय!"

"मग गळ्यापर्यंत बटणं कशाला लावलीयत?"

मी पांघरूण डोक्यावर ओढलं. तिनं कूस वळवली. दुसऱ्या दिवशी मी माझा टॉवेल वेगळा केला. मग उशी वेगळी केली. ती चहाचा कप हातात द्यायला लागली की मी म्हणायचो, "टेबलावर ठेव." हळूहळू ती काही विचारेनाशी झाली. हे मात्र माझ्या जिवाला लागलं. ज्या बायकोसाठी हा सगळा खटाटोप चालला होता, तीच दिवसेंदिवस लांब जात होती. पण मिशांचं काय करणार?

शेवटी माझ्यातला गादीवाला जागा झाला. झोपेत माणूस घरंगळतो, आणि डबल गादीवर घरंगळला की शेजारच्याला धडकतो. मग डबल गादीच काढून टाकायची! दोन सिंगल आणायच्या, मध्ये वीतभर फट ठेवायची, काम फत्ते! या विचारावर मी इतका खूश झालो की सुट्टीच्या दिवशी, बायको माहेरी गेलेली बघून, टेम्पो बोलावला.

बायको माहेरी गेली होती ती मन मोकळं करायला, हे मला काय ठाऊक! ती आईला आणि भावाला घेऊन परतली, आणि नेमका त्याच वेळी टेम्पोवाला खालून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल असा ओरडला, "साहेब! नवराबायकोची डबल काढून टाकू ना? दोघांच्या वेगवेगळ्याच लावायच्यात ना?"

खिडक्या उघडल्या. खाली बायकोचे डोळे भरून आले.

"बघितलंस आई?" ती म्हणाली. "मी सांगत होते ना!"

मेव्हणा व्यायामशाळा चालवतो. त्याचे दंड माझ्या मांड्यांएवढे आहेत. तो बाह्या वर सारत जिना चढून आला, मागोमाग त्या दोघी आणि गादी घेऊन टेम्पोवाला. "भाऊजी, काय चाललंय हे?"

मी घाबरलो. आपल्यावर काय आळ येणार हे मला लख्ख दिसलं. मी छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर गरजलो, "शपथेवर सांगतो! माझ्या आयुष्यात दुसरी बाई नाही!"

आधी सासूबाईंना हसू फुटलं. मेव्हणा भिंतीला टेकून हसायला लागला. टेम्पोवाल्यानं तर गादीच खाली ठेवली.

"अहो जावईबापू," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तसं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं!"

"का नाही आलं?" मला रागच आला. "यायला काय हरकत होती?"

"दुसरी बाई असती," बायको रडता रडता म्हणाली, "तर तुम्ही रात्री साडेनवाला झोपला असता का? मला वाटलं, तुम्हाला माझा कंटाळा आलाय. मी शेजारी नको झालेय तुम्हाला."

मग मात्र मला राहवेना. सासू, मेव्हणा, टेम्पोवाला आणि उघड्या खिडक्या यांच्या साक्षीनं मी सगळं ओकून टाकलं. थकवा, तपासण्या, जेल, मिशा, सगळं!

"एवढंच ना?" मेव्हणा म्हणाला. "आधी बोलायचं की! माझ्याकडे एक पावडर आहे, शिवाय एक इंजेक्शन..."

"तू गप्प बस," म्हणत बायकोनं माझ्या फोनवरून डॉक्टरबाईंना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि भावाच्या इंजेक्शनासकट सगळं सांगून टाकलं.

"रात्री लावताय?" डॉक्टरबाईंचा आवाज घरभर घुमला. "अहो, सकाळी आंघोळ झाल्यावर लावा म्हणून सांगितलं होतं ना! सुकू द्यायचं, वरून शर्ट घालायचा, हात धुवायचे. जवळ यायचं असेल तर आधी तो खांदा साबणानं धुऊन टाकायचा. संपलं! आणि व्यायामशाळेतलं काही घेऊ नका. फरक पडायला काही आठवडे लागतील. रक्त पुन्हा तपासायला मात्र वेळेवर या."

फोन बंद झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. पंख्याकडे बघावं म्हटलं, तर आमचा पंखा बंद होता.

हसत हसत माणसं पांगली, दोन्ही सिंगल गाद्या टेम्पोतून परत गेल्या. दार लागल्यावर बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही मला कंटाळला नव्हतात? नुसते थकला होतात?"

"नुसता थकलो होतो गं."

"आणि हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुम्हाला? वर्षभर बघतेय मी. तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले होते." तिनं माझ्या शर्टाचं वरचं बटण काढलं. "जा. खांदे धुऊन या."

मी धावतच गेलो. घासूनपुसून, सुवासिक साबण लावून, पहिल्या भेटीला निघावं तसा धडधडत्या छातीनं बाहेर आलो. भरदुपारी तिनं पडदे ओढून घेतले होते. आमची जुनी डबल गादी जागच्या जागीच होती. तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि हळूच म्हणाली, "आता बोला काहीतरी."

मी बोलणार होतो. फार सुंदर वाक्य मनात तयार होतं. सुरुवातही केली होती, असं ती म्हणते. पुढचं मात्र तिला घोरण्यातून समजून घ्यावं लागलं.

काय करणार! काही आठवडे लागतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या.