गोळ्यांना कपडे घालणारे काका

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो वसंतकाका साळुंके यांचा, आणि वसंतकाका औषधाच्या गोळ्यांशी बोलतात. पीथमपूरच्या आमच्या कारखान्यात त्यांच्याकडे कोटिंगचं खातं. मोठं पोलादी पिंप फिरत असतं, आत हजारो गोळ्या घरंगळतात, वरून रंगाचा फवारा आणि गरम वारा. काका काचेतून आत बघून म्हणतात, "हळू भिया, सगळ्यांचा नंबर येणार आहे." भिया म्हणजे आमच्या माळव्यातला भाऊ.

धारला आमची घरं एकाच गल्लीत. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील निकालाआधीच गेले, आणि नोकरीसाठी कोणाला भेटायचं हेही घरात कोणाला ठाऊक नव्हतं. काकांनी मला शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसवून नेलं. वाटेत सगळा कारखाना समजावला. "बघ, पावडर भिजवायची, दाणे पाडायचे, वाळवायचे, मशीनमध्ये दाबायचे. झाली गोळी. पण उघडीच ना बिचारी! कपडे आपण घालतो."

फवारा जास्त झाला की दोन गोळ्या एकमेकींना चिकटतात. माझ्या पहिल्याच आठवड्यात तशा निघाल्या. मी घाबरलो. काकांनी चिकटलेली जोडी हातमोज्यावर ठेवून सगळ्यांना दाखवली. "अभिनंदन भिया, जुळी झाली! बारसं कधी?" मग फवारा कमी केला आणि जेवण सोडून माझ्याजवळ उभे राहिले.

थंडी पडली की या माणसाचं दुसरं खातं घरी उघडतं: संक्रांतीचा काटेरी हलवा. शेगडीवर परात, परातीत तीळ, चमच्या-चमच्याने पाक, आणि बोटं सतत फिरती. "काम तेच," काका म्हणतात, "फक्त कंपनीत काटा आला तर साहेब ओरडतो, इथे नाही आला तर बायका." गल्लीत कोणाची सून नवी असो की कोणाचं बाळ पहिलं, हलव्याचे दागिने काकांकडूनच. मंगळसूत्र, बाजूबंद, बाळाचा मुकुट. डबा दारातच देतात आणि "बस निघेल" म्हणत पळतात. रविवारीसुद्धा, शिफ्टची बस नसताना.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीलाही तसेच पळाले. मी कोपऱ्यापर्यंत मागे गेलो.

"काका, आज कुठली बस?"

ते जरा थांबले. "काकू गेली, लेकरू झालं नाही. अशा माणसाने पहिल्या सणाला उंबरा ओलांडू नये, भिया. दागिने गेले ना आत? मग झालं."

आता माझी नोकरी देवासला आहे. घरी बाळ आलं आहे, यंदा त्याचं बोरन्हाण. फोनवर काका "हो हो, डबा पाठवतो" म्हणून ठेवून देतात. बायको म्हणाली, "डबा नको, काका हवेत. पत्र लिहा. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही."

म्हणून लिहिलं:

तीर्थस्वरूप काकांस, सा. नमस्कार.

संक्रांतीनंतरच्या रविवारी बाळाचं बोरन्हाण आहे. दागिने झाले नाहीत तरी चालेल, तुम्ही या. आईसुद्धा एकटीच आहे, पण ती सगळ्यांच्या पुढे बसणार आहे. शुभ-अशुभ काय ते तिने बघून घेतलंय, तुम्ही बघायचं नाही, असा तिचा निरोप आहे.

बाळ अजून नीट बसत नाही. डोक्यावरून बोरं-चुरमुरे पडू लागले की घाबरेल. आमच्याकडे त्याला मांडीवर घेऊन आजोबा बसतात. त्या जागेसाठी मी दुसऱ्या कोणाला विचारलेलं नाही.

तुमचा,
दिलीप